देवासच्या खाटेवरचा गवई

आपण श्वास घेतो हे आपल्या ध्यानातही नसते. दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास श्वास आपण आत घेतो व बाहेर टाकतो. रात्री अंथरुणावर पडून देवाचे उपकार आठवू लागलो की अन्न, वस्त्र, लेकरेबाळे, नोकरीधंदा सगळे आठवते; श्वास तेवढा आठवत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र मनुष्याच्या निर्मितीची हकीगत मातीशी थांबत नाही. देवाने फुंकर घातल्यावाचून ती माती काही उठून बसली नाही. ज्यांचा श्वास भर तारुण्यात अर्ध्यावर आला व ज्यांनी त्या अर्ध्या श्वासावर पुढे जन्मभर गाणे केले, अशा एका थोर गवयाचे चरित्र या महिन्यात वाचकांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

पंडित कुमार गंधर्व ख्रिस्ती नव्हते. लिंगायत कुळात त्यांचा जन्म झाला आणि कबीराच्या निर्गुण भजनांनी त्यांचे नाव घरोघर पोहोचले. मंडळीच्या मासिकात त्यांचे काय काम, असे एखादा वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर एवढेच की इय्योबही इस्राएलाच्या वंशातला नव्हता, ऊस देशाचा होता. तरी दुखणे आणि धीर यांविषयी शिकावयाचे झाले की आपण प्रथम त्याच्याच दाराशी जातो.

बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळचे नाव शिवपुत्र, वडिलांचे सिद्धरामय्या, आडनाव कोमकळी. वडील गाणारे होते. मुलगा लहान असताना काही गातो आहे असे कोणास दिसले नव्हते, आणि मग एकाएकी तो गाऊ लागला. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी तो जागा, हरकती आणि ठसक्यांसह जशीच्या तशी म्हणून दाखवी. सहासात वर्षांच्या या पोरास एका लिंगायत मठाच्या स्वामींनी ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच पुढे त्याचे नाव झाले. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत आणि पुढल्याच वर्षी मुंबईच्या परिषदेत या अकराबारा वर्षांच्या मुलाने जाणत्यांना थक्क केले.

अशा मुलांचे पुढे बहुधा वाटोळे होते. शाबासकीच्या पुरात ती वाहून जातात, आणि मिसरूड फुटून आवाज फुटला की कोणी विचारीत नाही. आपल्या मंडळ्यांतूनही नाताळच्या कार्यक्रमात टाळ्या घेणारी गोड गळ्याची मुले आपण पाहतो. दहा वर्षांनी ती कोठे असतात हे आपल्यास ठाऊक आहे. कुमारांचे तसे झाले नाही, याचे श्रेय प्रोफेसर बी. आर. देवधर यांस द्यावे लागते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य मुंबईस गिरगावात संगीताची शाळा चालवीत. १९३६ पासून कुमार त्यांच्यापाशी राहिले. नकलेत तरबेज असलेल्या मुलास स्वतः विचार करावयास लावणे हे देवधरांचे खरे काम. ऐन विशीत कुमार त्याच शाळेत शिकवू लागले होते आणि देशभर त्यांच्या बैठकी होत होत्या. शाळेत शिकावयास आलेल्या भानुमती कंस या सुशिक्षित मुलीशी त्यांचा विवाह झाला. सगळे कसे चढत्या वाटेवर होते.

१९४७ साली त्यांस क्षय झाला. वय वर्षे तेवीस.

आजच्या तरुण वाचकांस या वाक्याचे वजन कळावे म्हणून थोडे विषयांतर करतो. आज क्षयरोग म्हटले की सरकारी दवाखान्यातील गोळ्या, सहा महिन्यांचा कोर्स, असे आपल्यास सुचते. १९४७ साली हिंदुस्थानातील बहुतेक रोग्यांपाशी औषध म्हणून काहीच नव्हते. स्वच्छ हवा, दूध, अंडी, पूर्ण विश्रांती, आणि वाट पाहणे. आमच्या मिशनांनी या कामी पुष्कळ केले. मदनपल्लीजवळचे आरोग्यवरम्, मिरजेजवळचे वॉनलेसवाडीचे क्षयरोग्यांचे इस्पितळ ही नावे आपल्यापैकी कित्येकांच्या घरच्या आठवणींत असतील. या इस्पितळांतूनही डॉक्टरांच्या हाती जे मोठे शस्त्र होते ते म्हणजे फुफ्फुस मिटविणे.

हा उपाय इटलीतील डॉक्टर कार्लो फोर्लानिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचविला. मोडलेला हात जसा पट्टीत बांधून स्वस्थ ठेवतात, तसे किडलेले फुफ्फुस हलविणे थांबविले तर जखम भरून येईल, असा त्यामागे विचार. म्हणून दोन बरगड्यांमधून सुई घालून फुफ्फुसाच्या भोवतालच्या पोकळीत हवा भरीत. हवेच्या दाबाने फुफ्फुस आक्रसून बसे. भरलेली हवा शरीर हळूहळू शोषून घेई, म्हणून आठपंधरा दिवसांनी पुन्हा सुई. असे दोन दोन, तीन तीन, कधी पाच वर्षे. पुष्कळांस याचा गुण आला. पुष्कळांच्या छातीत या हवेपाठोपाठ पाणी होई, काहींत त्या पाण्याचा पू होई. मग ते पाणी काढावे तर आणखी एक संकट उभे राही. फुफ्फुसाभोवतीचे नाजूक आवरण या अवधीत जाड, कातड्यासारखे झालेले असे आणि त्याने फुफ्फुसास जणू मुठीत धरलेले असे. पाणी गेले, हवा गेली, तरी फुफ्फुस उघडेना. उपचार संपला, रोगही थांबला, आणि फुफ्फुस मात्र जन्माचे मिटलेले राहिले असे कित्येक जण त्या काळी वावरत होते. काहींच्या बरगड्याच काढून छाती एका बाजूने खचवीत. हे सारे वाचून अंगावर काटा येतो. परंतु ज्या डॉक्टरांनी हे केले त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते, हे विसरून त्यांस दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

कुमारांचा आजार या काळातला. डॉक्टरांनी त्यांस कोरड्या हवेत जाण्यास सांगितले आणि गाणे बंद केले. बोलणेदेखील बेताचे. गवयास गाऊ नको म्हणणे म्हणजे काय, हे संदेश देणाऱ्या आमच्यासारख्या माणसास थोडे तरी कळते. चार आठवडे घसा बसला तर आम्ही कासावीस होतो.

१९४८ च्या जानेवारीच्या अखेरीस, गांधीजींच्या हत्येने देश हादरला त्या दिवसांत, हे नवपरिणीत जोडपे देवासला आले.

देवास आणि धार ही माळव्यातील मराठ्यांची जुनी ठाणी. बाजीरावांच्या काळात पवार घराण्याचे सरदार इकडे आले. उदाजींच्या घराण्याकडे धार आली आणि तुकोजी व जिवाजी या दोघा भावांकडे देवास. भावाभावांत देवासच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या, एका गावात दोन राजे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी थोरल्या पातीच्या महाराजांकडे काही काळ चिटणिशी केली व त्यावर पुढे १९५३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच देवासची देवीची टेकडी आहे. आपल्या लोकांस हा मुलूख आणखी एका कारणाने परिचित आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदूर, धार, रतलाम या बाजूंस होते. डॉ. मार्गारेट ओहारा या बाईंनी १८९० नंतरच्या दशकात धार येथे स्त्रियांच्या दवाखान्याचे काम उभे केले, ते संस्थानिकांच्या सहाय्याने. तेव्हा माळव्याच्या या पठारावर मराठी बोलणारे, गाणे जाणणारे आणि आजाऱ्यास आसरा देणारे लोक होते. देवासला तर उस्ताद रजब अली खाँसाहेब राहत, आणि जवळच इंदुरास रसिकांचा मोठा मेळा होता.

तरीही क्षयाचा रोगी तो क्षयाचा रोगी. त्याचे भांडे वेगळे, खोली वेगळी, आणि लोकांच्या नजराही वेगळ्या. या रोगास आपल्या समाजात जी भीती होती, आणि खरे सांगावयाचे तर अजून आहे, ती रोगाइतकीच माणसास खाते. लग्नाच्या मुलीचे दुखणे घरच्यांनी लपविले आणि त्यामुळे औषध सुरू होण्यास उशीर झाला, असे आम्ही आमच्या मंडळीतही पाहिले आहे. भानुमतींनी काही लपविले नाही आणि त्या पळाल्याही नाहीत. त्यांनी शाळेत नोकरी धरली, त्या पगारावर घर चालविले, आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. स्वतः चांगल्या गात असता स्वतःचे गाणे बाजूस ठेवले. कुमारांच्या चरित्रात या पाच वर्षांना मौनाची वर्षे म्हणण्याचा प्रघात आहे. ती वर्षे कोणाच्या कष्टावर उभी होती हे मात्र आपण वाचताना ओलांडून जातो. पौलाच्या पत्रांच्या शेवटी ज्या स्त्रियांची नावे येतात, त्यांसही आपण असेच ओलांडतो.

खाटेवर पडलेल्या माणसास करण्याजोगे एकच काम उरले होते, ते ऐकण्याचे. गाणे बंद होते, कान बंद नव्हते. घरावरून बाजारास जाणाऱ्या माळव्याच्या बायाबापड्या गात जात. लग्नाची, सुगीची, पाळण्याची गाणी, शेतावरची गाणी खिडकीतून आत येत. तीनचार स्वरांत फिरणाऱ्या त्या साध्या धुनांत रागांचे बीज आहे, असे या पडून राहिलेल्या गवयास दिसू लागले. शास्त्रकारांनी राग निर्माण केले आणि खेडूत त्याचे मोडके तुकडे गातात, अशी विद्वानांची समजूत. कुमारांस हा प्रवाह उलटा दिसला. पुढे त्यांनी या धुनांतून नवे राग उभे केले आणि त्यांस धुनउगम राग असे नाव दिले. मालवती, संजारी, लगनगंधार, मधसुरजा हे त्यांपैकी काही. मधसुरजा रागातील त्यांची एक बंदिश आम्हांस फार हलवून जाते. देवीपुढे बळी देण्यास नेल्या जाणाऱ्या बकरीची ती विनवणी आहे. घरी तिचे पिलू एकटे आहे. कोकऱ्याच्या बलिदानाविषयी वर्षानुवर्षे बोलत आलेल्या आम्हां उपदेशकांपैकी किती जणांनी त्या कोकऱ्याच्या आईचा विचार केला असेल?

देवासला नाथपंथी साधूंची मोठी परंपरा होती. शीलनाथ महाराजांची धुनी गावात आहे. भिक्षा मागत फिरणारे जोगी निर्गुण भजने गात. कुमारांनी कबीर ऐकला तो अशा जोग्यांकडून. त्या भजनांत ज्या एकान्ताचा सूर त्यांनी पुढे लावला तो एकान्त त्यांनी पुस्तकातून घेतला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाचा तो होता.

येथे आम्हांस एक खुलासा करावासा वाटतो. क्षय आला म्हणून कुमार मोठे झाले, देवानेच त्यांच्या भल्यासाठी हा रोग धाडला, असे सोपे विधान करण्याचा मोह उपदेशकास पटकन होतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण असली वाक्ये फार बोलतो. त्याच वर्षांत त्याच रोगाने या देशात लाखो माणसे मेली आणि त्यांच्या घरांतून कोणताही नवा राग निघाला नाही. इय्योबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ते शहाणे होते. तोंड उघडल्यावर बिघडले. कुमारांच्या बाबतीत रोग हा रोगच होता. त्यात त्यांनी जे केले ते त्यांचे, आणि ज्या दयेने त्यांस तग धरता आला ती देवाची, इतकेच आम्ही म्हणू.

मग औषध आले. अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्यास १९४३ साली मातीतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले होते. ज्या मातीत मेलेल्यांस पुरावयाचे, तिच्यातच त्यांना वाचविणारे औषध लपलेले होते. आपल्या देशात ते सहज मिळू लागण्यास आणखी काही वर्षे गेली. १९५२ च्या सुमारास कुमारांस ते मिळाले आणि गुण दिसू लागला. या इंजेक्शनांचा एक धोका असा की त्यांनी कानाच्या आतल्या नसा दुखावतात. काहींस चक्कर येते, काहींस कायमचे बहिरेपण येते. गवयाच्या बाबतीत ही केवढी जोखीम होती याची कल्पना वाचकांनीच करावी. देवाच्या कृपेने कुमारांचे कान शाबूत राहिले. एक फुफ्फुस मात्र निकामी झाले ते कायमचेच.

१९५३ साली ते पुन्हा लोकांपुढे गाऊ लागले.

एकदम नव्हे, हे सांगितले पाहिजे. मिटलेल्या छातीस घाई सोसत नाही, ही गोष्ट वैद्यक फार पूर्वीपासून जाणते, आणि ती आजही इस्पितळांतून रोज उपयोगी पडते म्हणून येथे लिहितो. कोणाच्या छातीत पाणी झाले किंवा हवा शिरली की डॉक्टर सुई किंवा नळी घालून ती काढतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांस वाटते की एकदाचे सगळे काढून टाकावे. डॉक्टर लीटर-दीड लीटरवर थांबले की त्यांस राग येतो. पण कित्येक दिवस दबून राहिलेले फुफ्फुस झटक्यात उघडले तर त्यातील बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि ज्या फुफ्फुसातील जागा मोकळी करावयाची तेच आतून पाण्याने भरते. रोग्यास खोकल्याची उबळ येते, फेसाळ थुंकी पडते, धाप लागते. हे पाणी काढल्यावर तासाभरात किंवा फार तर दिवसभरात दिसते. फ्रान्समधील एका डॉक्टराने १८५३ सालीच याची नोंद केली होती. असे क्वचित होते, परंतु झाले म्हणजे जिवावर बेतू शकते. तीन दिवसांहून अधिक काळ फुफ्फुस दबलेले असेल आणि रोगी तरुण असेल तर भय अधिक. म्हणून पाणी काढताना छातीत दुखू लागले किंवा खोकला थांबेना तर रोग्याने ते तत्काळ सांगावे, आणि डॉक्टर उरलेले पाणी उद्यावर टाकीत असतील तर आपण धीर धरावा. पाणी काढून घरी आल्यावर धाप वाढली तर सकाळची वाट न पाहता परत जावे. मंडळीतील वडीलजन व भगिनी आजाऱ्यांच्या भेटीस जातात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवल्यास उपयोग होईल.

कुमार परतले ते निराळेच गवई होऊन. पूर्वी तबकडीसारखे गाणारा मुलगा आता कोणासारखाच गात नव्हता. लांब पल्ल्याच्या तानांऐवजी स्वरांचे छोटे, धारदार तुकडे. एकाएकी उसळलेला वरचा सूर, आणि लगेच थांबणे. त्या थांबण्यात तंबोरे वाजत राहत. एकच फुफ्फुस असल्यामुळे त्यांस असे गावे लागले, असे पुष्कळ म्हणतात. आम्हांस हे अर्धे खरे वाटते. श्वास तोकडा होता म्हणून वाक्य तोकडे झाले असेल. पण ते कोठे तोडावे आणि रिकाम्या जागेत काय ऐकू यावे, हे फुफ्फुस ठरवीत नाही. जाता जाता आमच्या गायनमंडळांस एक सांगणे आहे. रेव्हरंड टिळकांची पदे आपण एका दमात, पुढल्या ओळीच्या घाईने उरकतो. दोन्ही फुफ्फुसे धड असणाऱ्यांनी तरी मध्ये श्वास घ्यावयास हरकत नसावी.

घराण्याची शिस्त मोडली म्हणून जुन्या लोकांनी त्यांच्यावर टीका केली. ती शेवटपर्यंत चालू राहिली. कुमारांनी आपले काम सोडले नाही. माळव्याची लोकगीते, वर्षा, हेमंत आणि वसंत या ऋतूंची गीते, कबीर-सूर-मीरा यांची ‘त्रिवेणी’, देवास-ग्वाल्हेरकडच्या भा. रा. तांबे यांची कविता, बालगंधर्वांची नाट्यपदे, असे एकेका विषयावरचे कार्यक्रम त्यांनी बांधले. १९६५ साली त्यांच्या बंदिशींचे ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक आले. गांधीजींच्या जन्मशताब्दीस १९६९ मध्ये त्यांनी गांधीमल्हार हा राग रचला. गांधी गेले त्या दिवसांत खाटेवर येऊन पडलेल्या माणसाने एकवीस वर्षांनी वाहिलेली ही श्रद्धांजली.

घरात मात्र आणखी एक घाव बसला. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमती वारल्या. ज्या बाईने रोग्यास मरू दिले नाही ती स्वतः बाळंतपणात गेली. थोरला मुकुल तेव्हा पाच वर्षांचा होता. या गोष्टीचा अर्थ लावण्याचा आम्ही प्रयत्न करीत नाही. पुढल्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. त्याही देवधरांच्या शाळेतल्या. त्यांनी पोरक्या मुलांस आई होऊन वाढविले, आणि बैठकीत कुमारांच्या मागे बसून जन्मभर स्वर दिला. जेथे कुमारांचा श्वास संपे तेथे मागून वसुंधराबाईंचा आवाज सूर उचलून धरी. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात. ज्यांस शक्य आहे त्यांनी त्या सांध्याकडे कान द्यावा. देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी जे घर झाले त्याचे नाव भानुकुल ठेवले होते, आणि वसुंधराबाई त्याच नावाच्या घरात नांदल्या. आम्हांस कुमारांच्या गाण्याइतकेच हेही मोठे वाटते.

१९७७ साली त्यांस पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण मिळाले. मुंबई-पुण्याचे बोलावणे पुष्कळ होते, पण औषधासाठी म्हणून आलेले देवास त्यांनी सोडले नाही. तेथेच १२ जानेवारी १९९२ रोजी, अडुसष्टावे वर्ष चालू असता, त्यांचे देहावसान झाले. पुन्हा गाऊ लागल्यास तेव्हा एकोणचाळीस वर्षे होत आली होती. वसुंधराबाई त्यानंतर तेवीस वर्षे भानुकुलात राहिल्या, शिकवीत राहिल्या, आणि २०१५ साली त्याच घरी वारल्या. मुलगी कलापिनी व नातू भुवनेश गातात.